वडगावच्या कौलावरचा दात

बेळगावला जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, किल्ला पाहिलात का, कमल बस्ती पाहिलीत का, कुंदा आणलात का. कुंदा आणला. बाकी बेळगावात मी सर्वांत निरखून काय पाहिलं असेल, तर वडगावातल्या एका विणकराच्या घराचं कौलारू छप्पर. भर उन्हात, अंगणात उभी राहून, तोंडावर रुमाल दाबून, चांगली दहा मिनिटं पाहिलं. त्या छपरावर माझा दात होता.

हे सगळं साडीपायी झालं. नाशिकच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. निरोप समारंभ बारा दिवसांवर आला होता आणि माझं भाषण चाळीस मिनिटांचं लिहून तयार होतं. मुख्याध्यापकांनी दोनदा सुचवून पाहिलं, की बाई, पंधरा मिनिटांत बसेल का. मी म्हटलं, एकतीस वर्षं पंधरा मिनिटांत कशी बसतील? अशा भाषणाला साडीही तोलाची हवी. आमच्या चित्रकलेच्या बाईंची मावशी बेळगावजवळ वडगावात राहते, घरचे माग आहेत, शहापुरी साडी थेट मागावरून मिळेल असं कळलं. नवऱ्याला, म्हणजे सुधीरला, साडीत रस नव्हता. पण त्या भागात शेंगाचटणी चांगली मिळते असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून तो आला.

शुक्रवार : कोगनोळी, निपाणी

कोल्हापूरहून बस निघाली. कोगनोळीच्या नाक्यावर महाराष्ट्र संपतो, हे सुधीरने मला तीन वेळा सांगितलं. मी खिडकीतून बघत होते. अलीकडे ऊस, पलीकडेही ऊस. पाट्यांची लिपी बदलली, पण बसमधल्या बाया त्याच मराठीत, त्याच आवाजात भांडत होत्या. कंडक्टर एकीशी कानडीत, दुसरीशी मराठीत आणि सुट्ट्या पैशांवरून सगळ्यांशी हिंदीत बोलत होता.

निपाणीला उतरलो आणि मला सात शिंका आल्या. तंबाखूच्या वखारीवरून वारा येत होता. इथे सांगायला हवं, की आमच्या शाळेच्या तंबाखूमुक्ती समितीची मी अध्यक्ष आहे. त्यामुळे एका गल्लीत उंबऱ्यावर बसून विड्या वळणारी बाई दिसल्यावर माझ्याने राहवलं नाही. तंबाखूने काय काय होतं ते मी तिला उभ्याउभ्या सांगितलं. ती मांडीवरच्या सुपात बघत, एक विडी वळून दुसरी घेत, शांतपणे ऐकत होती.

माझं झाल्यावर म्हणाली, "बाई, म्या वळती, वडत न्हाय. तुमी शिकीवता त्ये समदं तुमची पोरं करत्यात व्हय?"

सुधीर पुढचे दोन तास अधूनमधून एकटाच हसत होता. संध्याकाळी बेळगाव गाठलं.

शनिवार : वडगाव

वडगावात शिरलं की आधी आवाज येतो. खटॅक-खटॅक, खटॅक-खटॅक. प्रत्येक दारामागे माग. आमच्या यजमानीणबाई, म्हणजे त्या मावशी, सत्तरीच्या, बारीक, ताठ, हसल्या की समोर दोन दातांची खिडकी. घरातले, गल्लीतले, अगदी त्यांचा मुलगा बसूसुद्धा त्यांना आक्काच म्हणतो. बसू पंचेचाळिशीचा, गळ्यात रुमाल, खिशात तंबाखूची पुडी. मी पुडीकडे बघितलं आणि कालची बाई आठवून गप्प बसले.

आमच्याकडे पाहुणा 'चहा नको' म्हणतो आणि यजमान 'बरं' म्हणतो. इथे 'नको' म्हटलं की यजमानीण आधण वाढवते. आक्कांनी चहा ठेवला आणि तोवर माग बघून घ्या म्हणून आम्हाला शेडमध्ये नेलं.

शेडमध्ये कोणी बोलत नाही. बोलून उपयोगच नसतो. चार माग एकदम चालू असतात, शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी पोचत नाही. हे लोक हातांनी बोलतात. आक्कांनी दोन बोटं चिमटीत धरून फिरवली, बसूने लगेच दुसऱ्या मागावरचा तुटलेला धागा जोडला. आक्कांनी हनुवटी उडवली, बसूने दिवा लावला. मला फार गंमत वाटली. अशी शिस्त माझ्या वर्गात एकतीस वर्षांत एकदाही नव्हती.

आता माझी चूक. मागाच्या बाजूने, जिथून धोटा ये-जा करतो त्याच्या अगदी रेषेत मी उभी राहिले, पदराची जर बघायला. धोटा म्हणजे वीतभराहून लांब लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंड, पोटात सुताची कांडी. तो या टोकाकडून त्या टोकाकडे नुसता धावत असतो. बसूने लांबून मला हात केला. जोरजोरात, डावीकडे. मला वाटलं, नमस्कारचमत्कार चाललाय. मीही हसून हात हलवला.

धोटा उडाला. आधी भिंतीवर आपटला आणि तिथून उलटून माझ्या हसऱ्या तोंडावर आला. पहिल्यांदा काही दुखलं नाही, नुसता सगळा चेहरा बधिर झाला. मग जीभ पुढे गेली आणि तिला जिथे दात असायला हवा तिथे कोणी भेटलं नाही. वरचा, समोरचा, उजवीकडचा. बसूने माग बंद केले आणि त्या अचानक झालेल्या शांततेत मला स्वतःचंच विव्हळणं ऐकू आलं.

खरं सांगते, पहिल्यांदा भाषण आठवलं. मग लगेच आठवलं, की मला यातलं सगळं येतं. मागच्या वर्षी शाळेत प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं होतं आणि पडलेल्या दाताचा तक्ता शिक्षकखोलीत माझ्याच अक्षरात लावलाय. मोठ्या माणसाचा दात मुळासकट निघाला तर तो परत बसवता येतो. तासाभराच्या आत दवाखाना गाठायचा, जितक्या लवकर तितकं बरं. दात पांढऱ्या भागाला धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही, कोरडा पडू द्यायचा नाही. माझ्या हातात तास होता. फक्त दात हवा होता आणि तोंडातून रक्त येत असल्यामुळे मला 'दात' एवढंही म्हणता येत नव्हतं.

मी खाली वाकून सुताच्या धुळीत शोधायला लागले. सुधीरला वाटलं मला चक्कर आली, त्याने मला धरून उभी केली. मी पुन्हा वाकले, त्याने पुन्हा उभी केली. तेवढ्यात आक्कांनी मागाच्या पायाशी पडलेला दात उचलला, माझ्याकडे बघून दिलासा देणारी मान हलवली आणि त्या बाहेर गेल्या. मला वाटलं, दूध आणायला गेल्या. काय शहाणी बाई!

मी मागोमाग अंगणात पोचले तेव्हा आक्का छपराकडे तोंड करून उभ्या होत्या.

"उंदीरमामा, जुना घे, नवा दे," त्या म्हणाल्या आणि दात कौलावर भिरकावला.

माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मराठीत लिहिता येत नाही. आक्का दचकून वळल्या.

"काय झालं बाई? पडल्याला दात कौलावरच टाकत्यात की. घरातल्या समद्या पोरांचं दात म्याच टाकल्यात."

आमच्याकडेही टाकतात. मीही सात वर्षांची असताना टाकलाय. पण मी अठ्ठावन्न वर्षांची होते आणि उंदीरमामांकडे माझ्यासाठी काही शिल्लक असेल असं वाटत नव्हतं. मी छपराकडे बोट दाखवलं, मग तोंडाकडे, मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

"घरी जायचं म्हणतेय," सुधीर म्हणाला.

मी मान हलवली, पुन्हा छप्पर, तोंड, घड्याळ.

"उन्हाचा त्रास होतोय तिला," सुधीर म्हणाला. या माणसाबरोबर मी तीस वर्षं संसार केलाय.

आक्का मात्र माझ्या हातांकडे टक लावून बघत होत्या. अर्धं आयुष्य मागाच्या आवाजात गेलेली बाई. त्यांनी सुधीरला हाताने बाजूला सारलं.

"गप बसा वो जरा. बाई म्हणत्यात, दात खाली काढा, परत तोंडात बसतोय, येळ घालवू नगा. व्हय न्हवं बाई?"

मी त्यांना मिठीच मारली असती, पण रुमाल सोडवत नव्हता.

बसूने शिडी लावली. दात कुठे गेला ते वरून दिसेना. खाली गल्ली जमली आणि प्रत्येकाला वेगळ्या कौलावर दिसायला लागला. 'तिकडं रं बसू', 'आरं न्हाय, पन्हळीत बग', 'त्यो दात न्हाय, कबुतराचं हाय त्ये.' अखेर पन्हळीच्या तोंडाशी सापडला. मी खालून दोन बोटांची चिमूट करून दाखवत होते, म्हणजे पांढऱ्या भागाला धर. बसूने अगदी तसाच धरला. मग शिडी उतरायला दोन्ही हात लागतात हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने दात जपून शर्टाच्या खिशात टाकला.

खिशात तंबाखूची पुडी होती, उघडी.

खाली आल्यावर माझा दात निपाणीच्या मालात घोळून निघालेला होता. मी दुधाची खूण केली. काय केली ते विचारू नका, गाईची धार काढून दाखवली. आक्का आत पळाल्या आणि चहासाठी तापवलेल्या दुधाचं पातेलं घेऊन आल्या. मी फुंकर मारून, हात झटकून दाखवलं. मग फ्रिजमधलं, पिशवीतलं, गार दूध वाटीत आलं. त्यात दात दोनदा बुचकळला, न घासता. पुढची पायरी तक्त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेली आहे, आणि खाली दोन रेघाही मारल्यात. दात लगेच त्याच्या जागी बसवावा.

आणि इथे माझं अडलं. दोनदा तोंडापर्यंत नेला, दोनदा वाटीत परत ठेवला. शिकवणं वेगळं आणि स्वतःच्या हिरडीत दात खुपसणं वेगळं. लाज वाटत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. सुधीर पांढराफटक पडून पायरीवर बसला होता.

आक्कांनी नळावर जाऊन हात साबणाने धुतले. माझ्यासमोर बसल्या. "कुठली बाजू म्होरं?" मी दाखवली. त्यांनी दात चिमटीत धरला, तुटलेला धागा धरतात तसा, हलका आणि पक्का. डावा हात माझ्या हनुवटीखाली. "डोळं मिटा." एक कळ मस्तकात गेली आणि जिभेला दात लागला. घडी केलेला स्वच्छ रुमाल दातांखाली देऊन आक्का म्हणाल्या, "आता धरा आवळून. बोलायचं न्हाय."

बोलायचं नाही. मला!

शनिवारीच : टिळकवाडीचं गेट

बसूच्या तीनचाकी टेम्पोत, साड्यांच्या गठ्ठ्यांवर मी, शेजारी आक्का, समोर सुधीर. बारा वाजायला वीस मिनिटं. धोटा लागून पंचवीस मिनिटं झाली होती. दवाखाना टिळकवाडीत, रेल्वेच्या पलीकडे. आणि रेल्वेचं गेट पडलेलं.

बेळगावकरांना या गेटाचं काही वाटत नाही. गाडी बंद करून लोक खाली उतरतात आणि ओळखी काढतात. आम्हाला तर ओळखही काढावी लागली नाही. तोंडात रुमाल आवळून गठ्ठ्यांवर बसलेली बाई बघून लोक आपणहून आले. बसूने सर्वांना कानडीत एकदा आणि मराठीत एकदा हकिगत सांगितली. एकाने लवंग धरायला सांगितली. एका आजींनी कनवटीची मशेरी काढून पुढे केली, म्हणाल्या, दाताला याच्यासारखं औषध नाही. तंबाखूमुक्ती समितीच्या अध्यक्षांनी डोळे मोठे करून मान हलवली. आजींना वाटलं मी संकोचतेय. एक स्कूटरवाले गृहस्थ सुधीरला समजावत होते, की पडलेला दात कधी बसत नसतो, त्यांच्या मेव्हण्याचा पडला तो गेलाच. मला त्या गृहस्थांना खूप काही सांगायचं होतं. मुद्देसूद, तक्त्यासकट. मी रुमाल आवळला आणि त्यांच्याकडे नुसतं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी एक संपूर्ण चुकीचं वाक्य दुरुस्त न करता सोडलं.

मालगाडी आली. डबे मोजले, बेचाळीस. आक्कांनी सगळा वेळ माझा हात धरला होता आणि दर दोन मिनिटांनी विचारत होत्या, "हाय न्हवं जागंवर?" मी जिभेने चाचपून मान हलवत होते. गेट उघडलं आणि बसूने टेम्पो असा काही हाणला की दात राहतो की मी, असं झालं.

डॉक्टर तरुण मुलगी होती, कानडी वळणाचं मराठी बोलणारी. तिने फोटो काढला, दात हलकेच तपासला. मग हिरडीकडे नीट बघून गंभीरपणे म्हणाली, "मॅडम, तंबाखू खाता काय?"

मी जिवाच्या आकांताने मान हलवली. बाकावर बसलेला सुधीर, तीस वर्षांचा सूड उगवत, एक शब्द बोलला नाही.

तिने सगळं धुऊन काढलं, शेजारच्या दातांना धरून बारीक तार बसवली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. दोन आठवडे तार, मऊ खाणं, समोरच्या दातांनी काही चावायचं नाही, नाशिकला गेल्यावर मुळाचं काम करून घ्यायचं. राहील का, असं मी कागदावर लिहिलं.

"वेळेत आलात. जागेवर घालूनच आणलात, ते लई चांगलं केलं. बहुतेक राहील. पण आत्ता प्रॉमिस नाही करत," ती म्हणाली. "कोणी बसवला?"

मी आक्कांकडे बोट दाखवलं. आक्का दाराशी उभ्या होत्या. डॉक्टरने वाटीत काय होतं, किती वेळ बाहेर होता, सगळं विचारून घेतलं. आक्कांनी सगळं सांगितलं, कौलाचंही सांगितलं. मग बराच वेळ त्या भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत राहिल्या.

रविवार : बेळगाव

या भागातलं जे जे नावाजलेलं आहे ते ते कडक आहे, हे मला रविवारी कळलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, भडंग. सुधीरने सगळं माझ्यासमोर बसून, आवाज करत खाल्लं. मला आक्कांनी नाचणीची गार आंबील पाठवली होती, आणि कुंदा. कुंद्याला चावावं लागत नाही, एवढी एक दैवाची कृपा. साडीचा रंग कोणी निवडला हेही सांगून टाकते. मला बोलता येत नव्हतं, म्हणून सुधीरने. गर्द जांभळा. बरा दिसला, पण हे त्याला सांगितलेलं नाही.

नाशिक

निरोप समारंभात मी सहा मिनिटं बोलले. तार टोचत होती. टाळ्या इतक्या वाजल्या की मला थोडा रागच आला.

तार निघाली त्या दिवशी आमच्या डॉक्टरांनी दात वाजवून बघितला, हलवून बघितला आणि म्हणाले, घट्ट आहे, पुढची वर्षं लक्ष ठेवू, पण घट्ट आहे. मी दवाखान्याच्या पायरीवरूनच आक्कांना फोन लावला.

"आक्का, दात धरला! डॉक्टर म्हणाले, अगदी वेळेत बसवला म्हणून."

मागे माग चालू होते. आक्का ते सोडून बाहेर आल्या असाव्यात, आवाज कमी झाला.

"लई बरं झालं बाई. मला झोप न्हवती." मग म्हणाल्या, "एक इचारू? दोन असत्याल तरीबी बसत्यात?"

"बसतात की. का हो?"

"न्हाय, माजं म्होरचं दोन गेल्यात न्हवं, त्ये असंच गेल्यालं. धोटाच लागल्याला. बसू पोटात हुता. सासूनं उचललं आन् टाकलं कौलावर."

सत्तरीची बाई, समोरचे दात नाहीत, त्यात मी काय वेगळं बघणार होते? वयाने गेले असतील असं धरून मी अख्खा शनिवार त्यांच्यासमोर बसले होते.

"तवा दुधात घातलं असतं, तर ऱ्हायलं असतं?"

आश्वासक काहीतरी बोलायला हवं होतं. एकतीस वर्षं मी तेच करत आले होते. पण मला खोटं बोलवेना. "राहिले असते, आक्का. बहुतेक राहिले असते," मी म्हटलं.

"दूध हुतं की घरात," आक्का म्हणाल्या. "म्हसच हुती दारात."

मग पलीकडून आक्का हसायलाच लागल्या.

"मी तेवीस वर्साची घोडी बगा बाई. म्हाईत हुतं, आता नवा येत न्हाय म्हून. तरीबी वरीसभर रोज सकाळी उठून जिभंनं चाचपायची, आला काय म्हून."